जिटनी आणि जीपनी: मराठी अनुवादक, वृत्तसंपादक आणि कोशकारांना खुले पत्र

अनुवादक, वृत्तसंपादक आणि कोशकार मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. हे पत्र एका चुकीतून निघाले आहे आणि ती चूक माझी आहे, म्हणून आधी तीच सांगते.

एका अनुवादित पुस्तकाची प्रुफे माझ्याकडे आली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली अमेरिका, कारखाने, बेकारी, ट्रामगाड्या असा सगळा काळ. त्यात 'जिटनी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. लोक जिटनीत बसत होते, जिटनीवाल्यांवर खटले होत होते. मला तो शब्द चुकलेला वाटला. फिलिपीन्समधल्या रंगीबेरंगी गाड्यांबद्दल मी पूर्वी वाचले होते, त्यांना जीपनी म्हणतात हे पक्के लक्षात होते. अक्षरजुळणीत 'प'चा 'ट' झाला असणार, असे मी धरून चालले. अनुवादकाला विचारले नाही, मूळ पुस्तक उघडले नाही. संगणकावर 'शोधा आणि बदला' केले, सगळ्या जिटन्यांच्या जीपन्या झाल्या आणि पुस्तक तसेच छापून आले.

जीप ही गाडीच मुळात १९४०-४१ च्या सुमारास अमेरिकी सैन्यासाठी तयार झाली. मी मात्र १९१५ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये जीपनी धावायला लावल्या. अनुवादकांचा फोन आला तेव्हा ते रागावले नाहीत. "बाई, मी बरोबरच लिहिलं होतं हो," एवढेच म्हणाले. ते ओरडले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी या दोन शब्दांवर नजर ठेवून वाचू लागले, तेव्हा दिसले की घोटाळा माझ्या टेबलापुरता नाही. मनिलाच्या बातमीत जिटनी येते, अमेरिकी कथेत जीपनी येते, कधी दोन्हीकडे सरसकट 'टॅक्सी' किंवा 'मिनीबस' लिहून मोकळे होतात. शब्द सारखे दिसतात, दोन्हींत अनोळखी माणसे दाटीवाटीने एकत्र प्रवास करतात, म्हणून 'काय फरक पडतो' असे वाटणे साहजिक आहे. फरक पडतो, आणि तो कुठे पडतो हेच तुमच्यापुढे मांडायचे आहे.

जिटनी हे सुरुवातीला गाडीचे नावच नव्हते. ते नाण्याचे नाव होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बोलभाषेत पाच सेंटच्या नाण्याला जिटनी म्हणत. हा शब्द नाण्याला कुठून चिकटला यावर विद्वानांचे एकमत नाही. फ्रेंचमधल्या 'जतों'पासून, म्हणजे बिल्ला किंवा टोकन या अर्थाच्या शब्दापासून, तो आला असावा असा एक तर्क आहे. त्याहून जास्त ठामपणे कुणी बोलू नये, आणि कोशात नोंद करताना हा तर्क तर्क म्हणूनच द्यावा.

नाण्याचे नाव गाडीला मिळाले १९१४ मध्ये. तेव्हा अमेरिकेत मंदी होती, कामे सुटलेली माणसे खूप होती, आणि त्याच वेळी जुन्या फोर्ड मोटारी सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत मिळू लागल्या होत्या. १ जुलै १९१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एल. पी. ड्रेपर नावाच्या गृहस्थाने ट्रामच्या थांब्यावर उभ्या असलेल्या एका उतारूला आपल्या मोटारीत घेतले, थोड्या अंतरावर सोडले आणि पाच सेंट घेतले, अशी नोंद आहे. ट्रामचे भाडेही पाच सेंटच होते. तेवढ्याच पैशात मोटारीत बसायला मिळते, ट्रामपेक्षा लवकर पोचता येते आणि थोडे आडवाटेला जाऊन दाराशी उतरताही येते, हे कळल्यावर लोक थांबतात कशाला! वर्षभराच्या आत हे लोण देशभर गेले. १९१५ च्या मध्याला अमेरिकेत सुमारे ६२,००० जिटन्या धावत असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला होता.

यातली मोटार कोणतीही चालत असे. चार-पाच माणसे बसतील अशी उघडी मोटार, पुढच्या काचेवर कुठे जाणार ते लिहिलेला पुठ्ठा, गर्दीच्या वेळी पायफळीवर लोंबकळणारे दोघे-तिघे. कुणी दिवसभर हाच धंदा करी, तर कुणी सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना वाटेतली माणसे उचलून पेट्रोलचे पैसे काढी. म्हणजे जिटनी ही भाडे घेण्याची एक रीत होती. ज्या गाडीने ती रीत धरली ती जिटनी. संध्याकाळी घरी जाऊन मालकाने पुठ्ठा काढला की तीच पुन्हा साधी घरची मोटार.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. आपण 'कवडीमोल' म्हणतो, 'दमडीची किंमत नाही' म्हणतो, नाणे चलनातून गेले तरी शब्द राहतो. इंग्रजीतही जिटनी या शब्दाचा पुढे 'स्वस्त, हलक्या प्रतीचा' असा विशेषणासारखा वापर झाला. जुन्या अमेरिकी लेखनात गाडीशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीला जिटनी म्हटलेले आढळले, तर अनुवादकाने तिथे चाके शोधू नयेत.

जिटन्या वाढल्या आणि ट्राम कंपन्यांचे धाबे दणाणले. त्यांची अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. अंतर कितीही असो, ट्रामचे भाडे पाच सेंट. जवळ जाणाऱ्याच्या पैशातून लांब जाणाऱ्याचा खर्च निघत असे. जिटनीवाल्यांनी नेमके जवळचे उतारू उचलले आणि लांबचे ट्रामला ठेवले. शिवाय ट्राम कंपन्या शहराला कर देत, रुळांलगतच्या रस्त्याची देखभाल करत. जिटनीवाल्यावर यातले कोणतेच ओझे नव्हते. कंपन्यांनी नगरपालिकांकडे धाव घेतली आणि नियम आले: परवाना काढा, अपघाताच्या भरपाईसाठी मोठ्या रकमेची हमी भरा, ठरलेल्या मार्गावर टोकापासून टोकापर्यंत धावा, दिवसाचे अमुक तास गाडी चालवाच, ट्रामच्या मुख्य रस्त्यांवर येऊ नका. यातला एकेक नियम सुटा वाचला तर रास्त वाटतो. सगळे मिळून मात्र कामावर जाता-येता दोन उतारू घेणाऱ्या माणसाला धंद्यातून हुसकून लावायला पुरेसे होते. १९१८ पर्यंत बहुतेक शहरांतून जिटन्या जवळपास दिसेनाशा झाल्या.

उरल्या त्या कोपऱ्याकोपऱ्यात. अटलांटिक सिटीत त्या १९१५ पासून आहेत, आता छोट्या बसच्या रूपात. पिट्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये परवानाधारक टॅक्सीवाले यायला तयार नसत, तिथे कित्येक दशके बिनपरवान्याच्या जिटन्यांनीच लोकांची ने-आण केली. अशा कथेचा अनुवाद करताना जिटनीचे 'टॅक्सी' केले की कथेचा कणाच मोडतो, कारण टॅक्सी येत नाही हेच तर त्या माणसांचे दुःख असते! बहामाच्या नासाऊमध्ये सार्वजनिक मिनीबसला आजही जिटनी म्हणतात. आणि न्यूयॉर्कहून हॅम्प्टन्स या समुद्रकाठच्या गावांकडे १९७४ पासून सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या नावात जिटनी आहे, गाड्या मात्र लांबलचक आरामबस आहेत. तेव्हा जिटनी शब्द दिसला की डोळ्यांपुढे एकच ठरावीक गाडी आणू नका. कोणते शहर आणि कोणते साल, हे आधी पाहावे लागते.

आता जीपनी.

दुसऱ्या महायुद्धातली जपानी ताब्याची वर्षे सोडली, तर फिलिपीन्स १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते. त्या काळात अमेरिकी बोलीतले पुष्कळ शब्द तिथे रुजले, त्यांत जिटनीही गेली. युद्धापूर्वी मनिलात उतारू वाहणाऱ्या छोट्या मोटारी होत्या, त्यांना 'ऑटो कालेसा' म्हणत. कालेसा म्हणजे तिथली घोडागाडी. जिटनी हेही नाव त्यांना होते.

मग युद्ध आले. १९४५ च्या लढाईत मनिला जवळजवळ जमीनदोस्त झाले. शहरातली ट्रामही त्यात गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. लोकांना कामाला तर जायचे होते. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या हाताशी होत्या. त्या विकत घेऊन, मिळवून, स्थानिक कारागिरांनी मागचा भाग लांबवला, समोरासमोर दोन लांब बाके टाकली, वर पत्र्याचे छप्पर घातले आणि पुढे रंग, आरसे, देवाच्या तसबिरी, मुलाबाळांची नावे. जीप आणि जिटनी हे दोन शब्द जुळून जीपनी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गुडघ्याला गुडघा लागून बसावे लागते म्हणून 'जीप' अधिक इंग्रजीतला गुडघ्याचा 'नी', अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला गोड आहे, पण ती लोकव्युत्पत्ती समजूनच सांगावी.

पहिली व्युत्पत्ती धरली तर जीपनीतला 'नी' हा त्या पाच सेंटच्या नाण्याचा उरलेला तुकडा ठरतो. दोन शब्दांचे नाते खरेच आहे, ते मी नाकारत नाही. पण नात्यातल्या दोन माणसांना एकाच नावाने हाक मारत नाहीत.

आणि इतिहास तर अगदी उलटा आहे. हे लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ प्रुफे बाजूला ठेवून बसून राहिले. अमेरिकेत जिटनीची गाठ ट्रामशी पडली आणि ट्रामने तिला हरवले. मनिलात ट्राम युद्धात संपली आणि तिच्या रिकाम्या जागी जीपनी आली. एक शब्द तीन-चार वर्षांत शहरांच्या बोलण्यातून मागे पडला, दुसरा एका देशाची ओळख होऊन बसला. माझ्या 'शोधा आणि बदला'ने हे सगळे पुसले होते.

जीपनीच्या बाबतीत नाव आणि गाडी यांची गाठ पक्की आहे. मनिलाजवळच्या लास पिन्यासमध्ये लिओनार्दो साराओ यांनी १९५३ मध्ये जीपनी बांधण्याचा कारखाना सुरू केला. ते स्वतः पूर्वी घोडागाडी हाकत. जीपनीच्या बॉनेटवर चकचकीत धातूचे छोटे घोडे बसवलेले दिसतात. त्यांत जुन्या कालेसाची आठवण आहे असे म्हणतात, आणि साराओंचा पूर्वीचा व्यवसाय ठाऊक असला की ते पटते.

चढायचे मागून. आत आले की दोन बाके, खिडक्यांना काचा नाहीत, पाऊस आला की गुंडाळलेले प्लास्टिक खाली सोडायचे. कंडक्टर बहुधा नसतो. मागे बसलेल्याने भाडे शेजारच्याच्या हातात द्यायचे, 'बायाद पो' म्हणायचे, आणि पैसे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात. सुटे तसेच परत येतात. 'बायाद' म्हणजे भाड्याचे पैसे, 'पो' हा आदराचा शब्द. उतरायचे असेल तर 'पारा पो', किंवा छतावर टकटक, किंवा वरच्या दांडीवर नाणे वाजवायचे. ड्रायव्हर बऱ्याचदा गाडीचा मालक नसतो. दिवसाची ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर जे उरेल ते आपले. या रकमेला तिथे 'बाउंडरी' म्हणतात. बातमीत हा शब्द आला तर कृपा करून 'सीमा' असे भाषांतर करू नका.

हे इतके सविस्तर लिहिले कारण अनुवादात हेच हरवते. 'ती टॅक्सीत बसली आणि तिने पैसे पुढे दिले' असे वाक्य मराठीत छापले गेले, तर वाचकाला वाटते तिने ड्रायव्हरला पैसे दिले. मूळ वाक्यात कदाचित सहा अनोळखी हातांतून ते पैसे गेलेले असतात. 'जीपनी' शब्द ठेवला आणि पहिल्यांदा येतो तिथे अर्ध्या वाक्यात बाकांची रचना सांगितली, तर पुढे काही समजावावे लागत नाही.

दोन्ही शब्दांना 'वडाप' किंवा 'काळी-पिवळी' लिहावे, असे एका तरुण अनुवादकाने मला सुचवले. मी त्यावर विचार केला. हे शब्द जिवंत आहेत, मला प्रियही आहेत, पण ते आल्याबरोबर वाचकाच्या मनात आपलाच रस्ता आणि आपलीच बोली उभी राहते. मनिलाची बाई मनिलातून उठून इकडे येते. म्हणून नको.

आता माझ्या कामाचे, म्हणजे लेखनाचे. जिटनीत 'जि' ह्रस्व, जीपनीत 'जी' दीर्घ. काही जण 'जिपनी' लिहितात. मला ते दोन कारणांनी चुकीचे वाटते. उच्चार दीर्घ आहे आणि मराठीत 'जीप' हा शब्द दीर्घ लिहायची सवय आधीच पडली आहे, जीपनी त्याच्यापासून तोडू नये. दुसरे असे, की 'जिटनी' आणि 'जिपनी' यांत फक्त एका अक्षराचा फरक उरतो आणि माझ्यासारख्या घाईच्या मुद्रितशोधकाला पुन्हा तोच मोह होतो. दीर्घ वेलांटीने डोळा अडतो, अडायलाच हवा. फिलिपिनो भाषेत या शब्दाचे लेखन इंग्रजीहून वेगळे, तिथल्या उच्चारानुसार करतात, पण आपण देवनागरीत 'जीपनी'च लिहावे. इंग्रजी अक्षरे पाहून केलेले 'जीपने' किंवा 'जीपनेय' तर साफ टाळावे. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी चालवावेत, ती जिटनी, ती जीपनी, अनेकवचन जिटन्या, जीपन्या, जिटनीत, जीपनीत. ईकारान्त म्हणून आणि गाडी, मोटार, जीप यांच्या सोबतीने हेच लिंग जिभेवर आपसूक येते.

कोशकारांना विनंती अशी, की या दोन शब्दांची एकत्र नोंद करू नये आणि एकाखाली दुसऱ्याला 'पाहा' म्हणून ढकलू नये. जिटनीच्या नोंदीत नाण्याचा अर्थ पहिला यावा आणि गाडीचा दुसरा, कारण काळाचा क्रम तसा आहे. गाडीच्या अर्थात 'ठरावीक मार्गावर किंवा त्याच्या आसपास, थोड्या भाड्यात, वाटेत उतारू घेत जाणारी खासगी मोटार वा छोटी बस' एवढे आले तरी अटलांटिक सिटीपासून नासाऊपर्यंत सगळे त्यात बसते. जीपनीच्या नोंदीत फिलिपीन्सचे नाव हवेच. व्युत्पत्तीत जिटनीचा उल्लेख यावा, तो मूळ शब्दांपैकी एक म्हणून. समानार्थी म्हणून नको.

वृत्तसंपादकांसाठी एक ताजी अडचण आहे. फिलिपीन्स सरकारने २०१७ मध्ये सार्वजनिक वाहनांच्या आधुनिकीकरणाची योजना आणली. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या जीपन्या काढायच्या, त्यांच्या जागी कमी धूर सोडणाऱ्या किंवा विजेवरच्या गाड्या आणायच्या, आणि सुट्या मालकांनी सहकारी संस्थेत किंवा कंपनीत एकत्र यायचे. नव्या गाडीची किंमत वीस लाख पेसोंच्याही पुढे जाऊ शकते. चालकांनी विरोध केला, मार्च २०२३ मध्ये संपही झाला, एकत्र येण्याची मुदत २०२३ च्या डिसेंबरअखेरीवरून ३० एप्रिल २०२४ पर्यंत वाढवावी लागली.

या नव्या गाड्यांनाही तिथे 'मॉडर्न जीपनी' म्हणतात, पण त्या दिसायला मिनीबससारख्या आहेत. दार बाजूला, माणूस आत उभा राहू शकेल एवढी उंची, बऱ्याच गाड्यांत थंड हवा. वादाचा एक भाग नावाचाच आहे. याला जीपनी म्हणायचे का, असे जुने चालक विचारतात. अशा वेळी आपल्या बातमीत नुसते 'मिनीबसचालकांचा संप' आले तर जे जुन्या गाड्या वाचवायला रस्त्यावर उतरले त्यांच्याच तोंडी आपण नव्या गाडीचे नाव घातलेले असते. 'जुन्या जीपन्या' आणि 'नव्या धाटणीच्या जीपन्या' असा भेद बातमीत करावा. मथळ्यात जागा कमी असते हे मला ठाऊक आहे. 'जीपनी' तीनच अक्षरांचा शब्द आहे, 'टॅक्सी'पेक्षा एकाच अक्षराने मोठा.

त्या पुस्तकाचे प्रकाशक पुढच्या छपाईत दुरुस्ती करायला तयार झाले आहेत. तोवर शिल्लक प्रतींत शुद्धिपत्र चिकटवायचे ठरले आहे. मी ते तयार केले: एकूण एकतीस जागा. या वेळी 'शोधा आणि बदला' वापरले नाही. पान उघडून, ओळ वाचून, मूळ पुस्तकाशी ताडून एकेक 'जीपनी' खोडली आणि वर 'जिटनी' लिहिली. चोवीसाव्या जागी अनुवादकांची मूळची ओळ होती: 'जिटनी नाही म्हणून तो चालत निघाला.' मूळ पुस्तकात तिथे गाडीचा विषयच नव्हता. त्याच्या खिशात नाणे नव्हते. अनुवादकांना फोन करून विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ही माझी. इथे 'पाच सेंट' करा." ती दुरुस्तीही शुद्धिपत्रात घातली आहे.

आपली,
एक मुद्रितशोधक